मुठीत कळणारी काठी

ओरिन स्काउगस्टाडने मासे धरायच्या काठीचा शेंडा बायकोच्या गळ्याच्या खळगीत टेकवला आणि डोळे मिटले.

“बोल.”

“काय बोलू?” मार्लिसने विचारलं.

“काहीही. मागच्या खेपेला काय बोलली होतीस?”

“शिव्या दिल्या होत्या.”

“मग त्याच दे. पाठ असतील.”

काउंटरमागे वेंडेल पेक्कला हसला. दुकान त्याचं. बाहेर तलाव गोठून महिना होऊन गेला होता, आणि आत जिवंत आमिषाच्या टाक्यांत हवा सोडणारे पंप इतके घरघरत होते की शेजारी उभ्या माणसाचं साधं बोलणंही नीट ऐकू येऊ नये. ओरिनला तसंही मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नसे. त्याचे कान कागदाच्या गिरणीत गेले होते, आणि कानात घालायचं यंत्र घरी साखरेच्या डब्याशेजारी पडून असायचं.

मार्लिस एका उपड्या बादलीवर बसली होती. तिने गळपट्टी सैल केली, हनुवटी जराशी वर उचलली आणि ओठ जेमतेम हलवत पुटपुटायला लागली. ओरिनने डाव्या हाताचा अंगठा वर केला.

ही परीक्षा आमच्याकडे पुष्कळ जण घेतात. काठी चांगली असेल तर शेंड्याशी बोललेलं मुठीत कळतं. शब्द नाही कळत, आवाजाची थरथर कळते. बाकीचे लोक बायकोला किंवा दुकानदाराला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावून मोकळे होतात. या दोघांनी मात्र स्वतःची रीत पाडली होती. ती बोलतेय तोवर त्याचा अंगठा वर, ती थांबली की अंगठा खाली. ती मुद्दाम वाक्याच्या मध्येच थांबायची, खोकायची नाही, हलायची नाही, आणि तरी अंगठा लगेच खाली यायचा. लग्नाआधी पहिल्यांदा त्याने तिच्या गळ्याला असा शेंडा लावला तेव्हा ती याच गोंगाटात म्हणाली होती, ‘हा बाबा मला विचारणार आहे की नुसत्या काठ्याच घेत राहणार आहे.’ अंगठा बरोबर वर राहिला आणि बरोबर खाली आला. शब्द काय होते ते त्याने पुढे कितीदा तरी विचारलं. तिने सांगितलं नाही.

आज ती म्हणत होती, “सकाळी दूध तू सांडलंस. शेजारच्यांच्या मांजराने सांडलं म्हणालास. ते मांजर पोराटोरांच्या मांडीवरून उतरत नाही, ते कशाला येतंय इतक्या थंडीत आपल्याकडे. आणि शर्टाची बटणं गेले कित्येक दिवस मी लावतेय, आणि तू रोज म्हणतोस की काजंच लहान आहेत.”

एवढं म्हणून ती थांबली.

अंगठा वर होता. तिने वाट पाहिली. वेंडेलने एका गिऱ्हाईकाला अळ्यांची डबी दिली, दार उघडलं, गार वारा आत आला, दार बंद झालं. मग ओरिनने अंदाजाने अंगठा खाली घेतला.

“बरी आहे,” डोळे उघडत तो म्हणाला. “पण जरा जाड कानाची आहे. दुसरी दे.”

गेल्या वसंतात त्याच्या आतड्यात गाठ सापडली होती. ती डॉक्टरांनी काढली. यकृतात जे पसरलं होतं ते काढता येण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून एक गुरुवार सोडून एक गुरुवार डलुथच्या दवाखान्यात जाऊन शिरेतून औषध घ्यायचं. ते औषध गाठींना रोखून धरत होतं आणि बोटं बधिर करत होतं. ग्रेटा नावाची नर्स सुई टोचण्याआधी दर वेळी तेच विचारायची, मुंग्या येतात का, हातातून वस्तू पडतात का, बटण लावता येतं का. ओरिन म्हणायचा, “दोन दिवस राहतं, मग जातं.” मग ग्रेटा मार्लिसकडे बघायची आणि मार्लिस आपल्या पर्सकडे बघायची. मागच्या खेपेला ग्रेटाने तिला बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं होतं. बधिरपणा जातच नसेल तर हे औषध थांबवावं लागेल. थांबवलं तर बोटं बरीचशी परत येतील, नाही थांबवलं तर पायही जातील. पण याच्यानंतर द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ओरिनला हे ठाऊक होतं, त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं, आणि घरात त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. येत्या गुरुवारी पुन्हा जायचं होतं.

त्याला विचारून तो खरं सांगणार नव्हता. म्हणून आज ती आपणहून त्याच्याबरोबर दुकानात आली होती. हा अंगठा जर पूर्वीसारखा खाली आला असता तर तिने गुरुवारी ग्रेटाच्या डोळ्यांत बघून सांगितलं असतं की माझ्या नवऱ्याचे हात शाबूत आहेत. तिला त्याहून जास्त काही नको होतं.

वेंडेलने दुसरी काठी द्यायच्या आधी खालून एक तिसरीच काढून काउंटरवर ठेवली. लांबट, पांढऱ्या शेंड्याची, गवताच्या काडीसारखी लवणारी.

“ही बघितलीस का? सगळे हीच नेतायत यंदा. हिच्यात मुठीत काही कळायचंच नाही. नुसतं बघायचं. गळाच्या वजनाने शेंडा खाली झुकलेला राहतो. क्रॅपी माशाने खालून येऊन आमिष वर उचललं की वजन जातं आणि शेंडा सरळ होतो. सरळ झाला की ओढ.”

“म्हणजे मासा लागल्यावर काठी वाकायच्या ऐवजी उठून बसते.”

“तेच तर.”

“टीव्ही बघणाऱ्यांची काठी आहे ही,” ओरिन म्हणाला. “ज्याला हात नाहीत त्याला दे.”

वेंडेलची नजर क्षणभर ओरिनच्या खिशातून लोंबणाऱ्या जाड हातमोज्यांकडे गेली. जन्मभर हा माणूस बर्फात भोक पाडून उघड्या हाताने गरवायचा. आमच्या तलावातले ब्लूगिल आणि क्रॅपी तळहाताएवढे, तव्यात चार मावतील असे. उन्हाळ्यात ते कुणालाही मिळतात. हिवाळ्यात बर्फाखाली ते इतके सुस्त होतात की आमिष ओढत नाहीत, नुसतं ओठांत घेतात आणि नको वाटलं की थुंकून टाकतात. तेवढ्यात ज्याला कळलं त्याचा मासा. ओरिनला कळायचं. काठी उचलायच्या आधीच तो म्हणायचा, “आला. ब्लूगिल आहे, बारका.” आणि बारका ब्लूगिलच वर यायचा. कान गेल्यापासून त्याचं सगळं ऐकणं हातांत आलं होतं असं मार्लिस म्हणायची. बर्फावर बाजूला खोपटं टाकून बसणारे लोक यावरून त्याची टिंगलही करायचे आणि मासे कुठे लागतायत ते विचारायलाही त्याच्याकडेच यायचे.

“दिसायला वाईट नाही,” मार्लिस पांढऱ्या शेंड्याकडे बघत म्हणाली. “एकदा लावून तरी बघ.”

“तू घे मग.”

“अरे, घेऊ देत की त्याला हवी ती,” वेंडेल म्हणाला. “फक्त या खेपेला घट्ट धर बाबा. आमचे पाईक मासे काठ्या गिळायला टपून बसलेत.”

ओरिनची जुनी काठी डिसेंबरात बर्फाच्या भोकातून खाली गेली होती. मोठ्या पाईकने ओढून नेली असं तो गावभर सांगत होता, आणि दर वेळी पाईक थोडा थोडा वाढत होता. मार्लिस त्या दिवशी बरोबर नव्हती. आत्ता वेंडेल हसला तेव्हा ओरिनही हसला, पण हसताना त्याने उजवा हात काउंटरवरून काढून खिशात घातला. मार्लिसला एकदम कळलं की तिथे पाईक वगैरे काही नव्हता. काठी हातातून सुटली होती आणि ती सुटल्याचं याला कळलंही नव्हतं.

“दे ती कार्बनची,” ओरिन म्हणाला.

वेंडेलने ताठ, काळी, बुचाच्या मुठीची काठी दिली. दुकानातली सगळ्यात चांगली. ओरिनने ती धरताना आधी तिच्याकडे बघितलं, बोटं एकेक करून मुठीवर बसवली, पुन्हा बघितलं, आणि मग शेंडा मार्लिसच्या गळ्याला लावला. डोळे मिटले.

“बोल.”

मार्लिसने तोंड उघडलं. तिला खरोखरच बोलायचं होतं. तिला म्हणायचं होतं, मला भीती वाटते. मग तिने नुसते ओठ हलवले आणि आवाज काढलाच नाही.

ओरिनचा अंगठा वर गेला.

तिने ओठ हलवणंही थांबवलं. ती गप्प बसून राहिली, हात मांडीवर, हनुवटी वर. अंगठा वरच होता. ओरिनच्या तोंडावर ते जुनं हसू आलं होतं, मासा ओठांत आमिष घेतो तेव्हाचं. तो मान डोलावत होता. काउंटरमागे वेंडेलने हे सगळं पाहिलं, फडकं उचललं आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागला.

मार्लिसला वाटलं, आता उठावं, शेंडा हाताने बाजूला करावा आणि याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं. पण ती बसून राहिली. अखेर त्यानेच अंगठा खाली घेतला.

“ही,” डोळे उघडत तो म्हणाला. “ही बोलते. बाकीच्या मुक्या आहेत.”

“नीट कळलं?”

“शब्द न शब्द.”

“काय म्हणाले मी?”

“शिव्याच असणार. दुसरं काय येतं तुला.”

“ही दे बांधून,” मार्लिस वेंडेलला म्हणाली. आवाज बरा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “आणि ती पांढरी पण दे. माझ्यासाठी.”

वेंडेलने दोन्ही काठ्या कागदात गुंडाळल्या आणि अळ्यांची एक डबी वर ठेवली. “ही माझ्याकडून,” तो म्हणाला. तो कधी कुणाला काही फुकट देत नाही. ओरिनने यावरही काहीतरी चेष्टा करायला हवी होती. तो सरळ दाराकडे गेला, आणि दाराची गोल मूठ एका हातात फिरेना तेव्हा ती दोन्ही तळहातांत दाबून, खांद्याने दार ढकलून बाहेर पडला.

गाडी आता मार्लिसच चालवायची. गावातून तलावापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी बर्फाने भिंती उभारल्यासारखा झाला होता. ओरिन मांडीवर काठ्या घेऊन बसला होता.

“तुला कशाला हवी ती मऊ?” त्याने विचारलं.

“माझी नजर चांगली आहे.”

“इतकी वर्षं माझ्या जुन्यापान्या काठ्या वापरल्यास, कधी तक्रार नाही केलीस.”

“आता करते.”

तो हसला आणि खिडकीबाहेर बघू लागला. मार्लिसला रडू येत होतं, पण पुढे उतारावर बर्फाची काच झाली होती आणि दोन्ही हात चक्रावर हवे होते. तिने दात आवळून गाडी तलावावर उतरवली. बर्फ चाकांखाली बारीक करकरला, नेहमीसारखा. लांबवर खोपटं विखुरलेली होती, काहींच्या नळीतून धूर निघत होता, आणि कोणीतरी कुठेतरी गिरमिटाने नवीन भोक पाडत होतं.

त्यांचं खोपटं हिरव्या पत्र्याचं, दोन माणसं आणि एक शेगडी मावेल एवढं. आत शिरल्यावर तिने गॅसची शेगडी पेटवली, झाऱ्याने भोकांवरचा पापुद्रा काढून टाकला आणि काळं पाणी मोकळं केलं. या औषधावर असताना थंड वस्तूंना हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या मुलखात जानेवारीत हे पाळायचं म्हणजे माणसाने कपाटात राहायला हवं. ओरिनने हातमोजे घातले होते. तंगुसाची दोरी ओवणं, गळ बांधणं, अळी टोचणं, सगळं तिनेच केलं आणि काळी काठी त्याच्या हातात दिली. पूर्वी तो तिला गाठीला हात लावू देत नसे. आज त्याने ती बांधलेली गाठ तपासूनही पाहिली नाही.

“तुझी लाव की,” तो म्हणाला.

“लावते. कॉफी घेऊ दे आधी.”

तिने थर्मासमधली कॉफी ओतली, लोणी-साखर लावून गुंडाळलेला बटाट्याच्या पोळीचा लेफ्सा त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि समोर बसली. पांढरी काठी कागदातच कोपऱ्यात राहिली. ती ओरिनच्या काठीच्या शेंड्याकडे बघत होती. खिडकीच्या चौकोनातून तेवढ्यावरच उजेड पडत होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग शेंडा हलला. झटका नव्हे, एखाद्याने लांबून फुंकर मारावी तेवढंच. मार्लिसने श्वास धरला. उचल, ती मनात म्हणाली. उचल ना रे. ओरिनची मूठ होती तशीच राहिली. शेंडा पुन्हा एकदा थोडासा दबला आणि मोकळा झाला. मासा गेला.

ओरिनने कॉफीचा घोट घेतला.

पुन्हा हलला. यावेळी जरा जोरात, क्रॅपी असावा. तंगूस ढिली पडली, भोकात एक वेटोळं तरंगलं, मग पुन्हा ताठ झाली. ओरिन बसला होता. मार्लिसने नखं तळहातात रुतवली. अख्ख्या आयुष्यात या माणसाने असा मासा सोडला नव्हता.

“घेतलं ना?” ओरिनने विचारलं.

“काय?”

“आमिष. घेतलं आणि सोडलं. आधी एकदा आणि आत्ता एकदा.”

मार्लिस पुढे झुकली. “तुला कळलं?”

त्याने मोज्यातली मूठ जराशी आवळून पाहिली.

“ओरिन, तुला जाणवलं? मुठीत जाणवलं का?”

“नाही गं,” तो म्हणाला. “मी काठीकडे नव्हतो बघत. तुझ्याकडे बघत होतो. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.”

शेगडी फुरफुरत होती. मार्लिसने कप खाली ठेवला.

“दुकानात पकडलंस ना मला?” त्याने विचारलं.

“हो.”

“वाटलंच. निघाल्यापासून तुझा जबडा आवळलेला आहे. कुठल्या काठीला पकडलंस?”

“हीच. मी बोललेच नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

ओरिनने हातातल्या काठीकडे पाहिलं आणि हसला, खरोखर गंमत वाटल्यासारखा. “आणि मी म्हणालो, ही बोलते. वेंडेलने पाहिलं?”

“पाहिलं.”

“म्हणून अळ्या फुकट दिल्या लेकाने.”

त्याने काठी हळूच शेजारच्या खाचेत अडकवली, दातांनी धरून उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि हात शेगडीपुढे धरला. बोटांची टोकं पांढरट दिसत होती. तो ती अशी बघत होता की जणू ती कोणीतरी विसरून गेलं आहे आणि मालक आला की परत द्यायची आहेत.

“गुरुवारी सांगून टाक त्या पोरीला,” तो म्हणाला.

“कुठल्या?”

“ग्रेटाला. सांग की बधिरपणा जात नाही. हातांचं दिवाळं निघालं. माझ्या तोंडून निघत नाही ते. तिथे खुर्चीत बसलो की मी आपोआप मोठ्या आवाजात ‘ठीक आहे’ म्हणून जातो.”

“सांगितलं की औषध बंद होईल.”

“हो.”

“त्याच्यानंतर काही नाही त्यांच्याकडे. ठाऊक आहे ना तुला?”

“सगळं ठाऊक आहे. कान गेलेत, डोकं नाही गेलं.” त्याने हात उलटा करून शेकला. “मार्लिस, मला हात परत हवेत. जेवढे दिवस असतील तेवढे. नुसते मासे धरायला नाही. रात्री तुझा हात धरून झोपतो ना, तर दिवा असताना बघून ठेवावं लागतं की धरलाय. दिवा गेला की काही खात्री नाही. उशी पण असेल.”

तिने शेगडीची ज्योत मोठी केली.

“आजवर ‘जातं, जातं’ म्हणत राहिलो ते तुझ्यासाठी,” तो म्हणाला. “मला वाटलं तुला जास्त दिवस हवेत. मग आज तू आपणहून दुकानात आलीस, एरवी बोलवावं लागतं. म्हटलं, ही पण दमली आता. हिला पण खरं हवंय. मला बरं वाटलं, खरं सांगतो. चला, सुटलो.”

मार्लिस त्याच्याकडे बघत राहिली. दुकानात ती गप्प बसली तेव्हा तिला खरं काय तेच हवं होतं. ते आता समोर होतं, शेगडीपुढे बसलेलं, शांत, जवळजवळ खूश. तिने फक्त हो म्हणायचं होतं. हा माणूस इतके आठवडे तिच्यासाठी खोटं बोलत होता आणि आता तो तिच्याकडे एकच गोष्ट मागत होता, तीही स्वतःच्याच हातांची. तिच्या मनात आलं, औषध थांबलं की मासे परत याला कळायला लागतील आणि त्यानंतर हा जाईल. आणि मग या खोपटाला कुलूप लावायला ती एकटीच येईल.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही. त्याने हात कानाशी नेला.

“मी नाही सांगणार,” ती मोठ्याने म्हणाली. “ग्रेटाने विचारलं तर मी म्हणेन याला सगळं कळतं. नवीन काठी घेतली म्हणेन. दुकानातली सगळ्यात चांगली, याने स्वतः निवडली.”

“मार्लिस.”

“बटणं मी लावेन. बूट मी घालेन. पाय गेले तर खुर्ची ढकलेन. उशी असेल तर असू दे, मी सांगेन तुला कुठला माझा हात आहे ते. मी तुला नाही सोडणार, ओरिन. मला नाही जमत.”

ती रडत नव्हती. आवाज चढला होता एवढंच, आणि छोट्याशा खोपटात तो जरा जास्तच मोठा वाटला. ओरिन रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. त्याने मोजा पुन्हा हातात चढवायचा प्रयत्न केला, दोन बोटं एकाच नळीत गेली, ती तशीच राहू दिली, आणि खाचेतली काठी पुन्हा मुठीत घेतली.

बाहेर कोणाचं तरी गिरमिट बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. तलावाचा बर्फ खालून एकदा खोल आवाजात तडकला.

मग शेंडा हलला. मार्लिसला दिसलं. तिला हेही दिसलं की ओरिन काठीकडे बघत नाहीये, तिच्याकडे बघतोय, मूठ उचलायच्या तयारीत, तिच्या तोंडावर काय उमटतं त्याची वाट बघत.

तिने मान वळवून खिडकीकडे तोंड केलं. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. पाठीमागे काठी उचलल्याचा आवाज आला नाही. तिचं तोंड परत वळेपर्यंत तो थांबणार होता, तोवर कुठेही जाणार नव्हता.